खटका आणि खात्री : स्मार्टफोनवरील बिनतारी जोडण्यांच्या शीघ्रकळींची समीक्षा (कळवण परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

मराठी समीक्षेची परंपरा प्रामुख्याने साहित्यकृतींभोवती विकसित झाली. पुढे नाटक, चित्रपट आणि चित्रकला ही क्षेत्रेही तिच्या कक्षेत आली. दैनंदिन वापरातील वस्तूंचा विचार मात्र एकतर तांत्रिक माहिती म्हणून होतो किंवा जाहिरात म्हणून. वास्तविक वस्तूची रचना हेही एक प्रकारचे विधान असते. ती वापरणाऱ्याला काही सांगते, काही लपवते आणि त्याच्याविषयी काही गृहीत धरते. हे विधान खरे आहे की खोटे, पुरेसे आहे की अपुरे, याची तपासणी करणे हे समीक्षेचेच कार्य होय.

स्मार्टफोनच्या पडद्यावर वरून खाली बोट ओढले असता चौकोनी किंवा गोल कळींचा एक फलक उघडतो. वाय-फाय, मोबाइल डेटा, ब्लूटूथ, हॉटस्पॉट आणि विमान मोड या कळी त्यात असतात. बिनतारी जोडणी एका स्पर्शात चालू किंवा बंद करणे एवढेच त्यांचे काम. प्रस्तुत लेखात या कळींना ‘शीघ्रकळी’ असे म्हटले असून तीन निकषांवर त्यांचे परीक्षण केले आहे. पहिला निकष त्वरेचा : काम किती लवकर होते? दुसरा सत्यतेचा : कळ जे सांगते ते खरोखर घडते काय? तिसरा अधिकाराचा : अंतिम निर्णय कोणाच्या हाती राहतो?

या परीक्षणासाठी नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुक्याचा संदर्भ घेतला आहे. त्याचे कारण असे की, ज्या शहरात घरी व कार्यालयात अखंड वाय-फाय आणि रस्त्यात सर्वत्र चांगली रेंज असते तेथे या कळींना फारसा हात लावावा लागत नाही. जेथे डोंगर आडवे येतात, डेटा मोजून वापरावा लागतो आणि शासकीय नोंदीही फोनवरून कराव्या लागतात तेथे याच कळी महत्त्वाच्या ठरतात. साधनाच्या गुणदोषांची खरी कसोटी अशा ठिकाणीच लागते.

कळ, बटण आणि खटका

विजेच्या बटणासाठी मराठीत ‘खटका’ हा जुना आणि अर्थपूर्ण शब्द आहे. हा शब्द आवाजावरून आला. खटका दाबताच आवाज येतो, बोटाला त्याची हालचाल जाणवते आणि दिवा लागतो किंवा विझतो. कान, बोट आणि डोळा या तिन्हींकडून एकच साक्ष मिळते. खटका वर आहे की खाली, हे अंधारातही चाचपून कळते. म्हणजेच खटका क्रिया करतो आणि तिची खात्रीही देतो.

शेतकऱ्याला याहून गुंतागुंतीची यंत्रणा परिचित आहे. विहिरीवरील विद्युतपंपाच्या पेटीत मोटर चालू आणि बंद करण्याची बटणे असतात. त्यांना जोडून पुष्कळ ठिकाणी ‘ऑटो’ बसवलेले असते. वीज आली की मोटर आपोआप सुरू व्हावी, हा त्याचा उद्देश. शेतीला वीज पाळीने आणि पुष्कळदा रात्री मिळत असल्याने शेतकऱ्याला ही सोय हवीशी वाटते. उलटपक्षी, वीज येताच परिसरातील सर्व मोटरी एकदम सुरू होऊन रोहित्रावर ताण येतो, म्हणून ‘ऑटो स्विच’ काढून टाकण्याचे आवाहन महावितरणला करावे लागते. हे दोन्ही पक्ष बाजूला ठेवले तरी एक गोष्ट महत्त्वाची आहे. ‘मोटर बंद आहे’ आणि ‘मोटर ऑटोवर आहे’ या दोन वाक्यांतील भेद गावातील लहान मुलालाही समजतो. दोन्ही स्थितींत मोटर फिरत नसते; पण दुसऱ्या स्थितीत ती केव्हाही फिरू शकते. म्हणूनच दुरुस्तीसाठी पेटीला हात लावणारा माणूस केवळ मोटर शांत आहे यावर विसंबत नाही. तो मुख्य स्विच पाडतो, फ्यूज काढून हाती घेतो आणि मगच तारेला स्पर्श करतो.

‘बंद’ आणि ‘ऑटो’ यांतील हा भेद स्मार्टफोनच्या शीघ्रकळींना लावून पाहणे हे या लेखाचे मुख्य सूत्र आहे.

शीघ्रकळींचा विकास

या शतकाच्या पहिल्या दशकातील साध्या फोनवर ब्लूटूथ चालू करण्यासाठी मेनूच्या अनेक पायऱ्या उतराव्या लागत. गाणी आणि रिंगटोन एकमेकांना देण्यापुरते ब्लूटूथ चालू करायचे आणि काम झाले की बंद करायचे, अशी त्या काळची रीत होती. तिला बॅटरीच्या बचतीबरोबर सुरक्षिततेचेही कारण होते. २००४ साली ‘कॅबिर’ नावाचा, ब्लूटूथमधून एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जाऊ पाहणारा विषाणू आढळला होता. ब्लूटूथ उघडे ठेवू नये, हा धडा त्यातून मिळाला.

स्मार्टफोन आल्यावर जोडण्यांची संख्या वाढली आणि त्या वारंवार बदलण्याची गरजही वाढली. अँड्रॉइडच्या आरंभीच्या काळातच वाय-फाय, ब्लूटूथ आदी कळींची एक पट्टी मुखपडद्यावर ठेवता येऊ लागली. सूचनांच्या पडद्यामागे असा फलक देण्याची कल्पना काही उत्पादकांनी स्वतंत्रपणे राबविली होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ४.२ ने ती मूळ प्रणालीतच समाविष्ट केली. आयफोनच्या ग्राहकाला मात्र २०१३ मधील आयओएस ७ पर्यंत थांबावे लागले. तोवर त्याला प्रत्येक वेळी सेटिंग्जमध्ये शिरावे लागे. ही गैरसोय एवढी होती की अनेकजण कंपनीचे निर्बंध तोडून ‘एसबीसेटिंग्ज’सारखे साधन फोनवर बसवत. २०१६ मधील अँड्रॉइड ७ ने कळींचा क्रम बदलण्याची आणि इतर अ‍ॅपच्या कळीही त्या फलकात घालण्याची मुभा दिली.

येथपर्यंतचा इतिहास वाढत्या सोयीचा आहे. त्याच वेळी एक विरुद्ध प्रवाहही सुरू झाला होता. सामान्य अ‍ॅपकडून विमान मोड बदलण्याची क्षमता अँड्रॉइड ४.२ मध्ये, मोबाइल डेटा बदलण्याची क्षमता २०१४ च्या अँड्रॉइड ५ मध्ये आणि वाय-फाय बदलण्याची क्षमता २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये काढून घेण्यात आली. एखाद्या अ‍ॅपने ग्राहकाच्या नकळत जोडणी चालू-बंद करू नये, हा त्यामागील विचार योग्यच म्हणावा लागेल. मात्र त्याचा परिणाम असा झाला की, प्रणालीने स्वतः दिलेली कळ हीच ग्राहकापुढील जवळजवळ एकमेव वाट उरली. पर्याय संपल्यामुळे त्या कळीच्या प्रामाणिकपणाचे महत्त्व वाढले.

रेंज, डेटा आणि डोंगर

कळवण तालुका गिरणा आणि पुनंद यांच्या खोऱ्यांत वसलेला आहे. सप्तशृंगी गड याच तालुक्यात असून आसपास डोंगरांच्या रांगा आहेत. कोकणा, भिल्ल आदी आदिवासी समाजांची वस्ती मोठ्या प्रमाणावर असल्याने एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय कळवण येथे आहे. अशा भूरचनेत रेडिओलहरींचा मार्ग सरळ राहत नाही. मनोरा आणि फोन यांच्यामध्ये डोंगराची सोंड आली की संदेश क्षीण होतो. खोऱ्याच्या तळाशी असलेल्या वस्तीला जवळचा मनोरा मिळत नाही, तर टेकडीवर उभ्या राहिलेल्या माणसाला दूरचा मनोरा मिळतो. ग्रामीण मराठीत रूढ झालेला ‘रेंज’ हा शब्द याच अनुभवातून आलेला आहे. रेंज येते, जाते, एखाद्या ठिकाणीच ‘मिळते’. पाण्याविषयी जी क्रियापदे वापरली जातात तीच रेंजलाही लावली जातात.

या परिस्थितीत विमान मोडची कळ तिच्या मूळ हेतूपेक्षा अगदी वेगळ्या कामासाठी वापरली जाते. फोन एखाद्या दूरच्या, क्षीण मनोऱ्याला धरून बसलेला असतो. विमान मोड लावून काढला की त्याची जुनी जोडणी तुटते, तो नव्याने शोध घेतो आणि जाळ्यात पुन्हा नोंद करतो. जवळपास अधिक चांगला मनोरा असेल तर तो या शोधात सापडतो. ग्राहकाने अनुभवातून शोधून काढलेला हा उपाय तांत्रिकदृष्ट्याही योग्य आहे.

तथापि तो प्रत्येक वेळी उपयोगी पडत नाही. चैत्रोत्सवात गडावर लाखो भाविक जमतात. तेव्हा रेंजच्या सर्व रेघा भरलेल्या दिसूनही संदेश जात नाही, कारण अडचण लहरींची नसून गर्दीची असते. एका मनोऱ्याच्या क्षमतेत असंख्य फोन वाटणी मागत असतात. अशा वेळी विमान मोड लावून काढल्याने लाभ होत नाही. उलट प्रत्येक फोनच्या पुनर्नोंदणीचा भार त्याच मनोऱ्यावर पडतो. रेंज क्षीण आहे की जाळे भरलेले आहे, यांतील फरक फोनच्या आतील यंत्रणेला बऱ्याच अंशी ओळखता येतो. शीघ्रकळ मात्र तो सांगत नाही. परिणामी माणूस दोन्ही प्रसंगी तीच कळ पुनःपुन्हा दाबत राहतो.

मोबाइल डेटाच्या कळीला आर्थिक इतिहास आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू होण्यापूर्वी डेटा महाग होता. ‘नेट चालू राहिले’ म्हणून शिल्लक संपणे हा सार्वत्रिक अनुभव होता. काम झाले की नेट बंद करणे ही दिवा विझवण्यासारखी काटकसर होती. जिओनंतर दर कोसळले आणि रोजच्या ठराविक डेटाचे पॅक रूढ झाले. तरी सवय टिकली आणि तिची कारणेही पूर्णतः नाहीशी झाली नाहीत. अ‍ॅपची अद्ययावत आवृत्ती आपोआप उतरवली गेली किंवा चलचित्रे आपोआप साठवली गेली तर दिवसाचा वाटा सकाळीच संपू शकतो. शिवाय रेंज क्षीण असताना फोनला अधिक शक्तीने प्रक्षेपण करावे लागते आणि बॅटरी लवकर उतरते. वीज पाळीने येणाऱ्या भागात बॅटरी हेही मोजून वापरण्याचे धन आहे. त्यामुळे येथे शीघ्रकळ हे केवळ सोयीचे बटण राहत नाही. काटकसरीच्या घरात वाणसामान मोजून काढणाऱ्या मापाची जागा ती घेते. माप खरे असावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे.

‘बंद’ म्हणजे काय?

सत्यतेच्या निकषावर शीघ्रकळींचा सर्वांत गंभीर दोष समोर येतो. सप्टेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयओएस ११ पासून नियंत्रण फलकातील वाय-फाय आणि ब्लूटूथच्या कळींचा अर्थ बदलला. कळ दाबल्यावर चालू असलेली जोडणी तुटते; परंतु रेडिओ बंद होत नाही. कंपनीचे घड्याळ, पेन्सिल, फाइल देवाणघेवाण आणि स्थाननिश्चिती या सेवांसाठी तो चालूच राहतो. एवढेच नव्हे, तर पहाटे पाच वाजता जोडण्या पुन्हा आपोआप सुरू होतात. वाय-फायच्या बाबतीत दुसऱ्या ठिकाणी गेल्यावरही असेच घडते. खरोखर बंद करायचे असेल तर सेटिंग्जमध्ये जावे लागते. म्हणजे २०१३ पूर्वीची वाट पुन्हा धरावी लागते.

डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने त्याच वर्षी या रचनेवर ती दिशाभूल करणारी असल्याची टीका केली. नंतरच्या आवृत्त्यांत कंपनीने ‘उद्यापर्यंत जोडणी तोडली आहे’ अशा आशयाची सूचना दाखवण्यास आरंभ केला. कळीचा अर्थ पूर्ववत झाला नाही. फक्त तो सांगितला जाऊ लागला. आयओएस ११ च्या आगमनापूर्वी काही दिवसच ‘ब्लूबॉर्न’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ब्लूटूथमधील त्रुटी जाहीर झाल्या होत्या. समोरच्या साधनाशी ओळख न करताही, केवळ ब्लूटूथ चालू असल्यास काही उपकरणांवर हल्ला करणे त्यांमुळे शक्य होते. अद्ययावत आयफोन त्यांत नव्हते. तथापि ‘ब्लूटूथ बंद’ या शब्दांना सुरक्षिततेच्या दृष्टीने किती वजन असते, हे त्यावरून स्पष्ट व्हावे.

अँड्रॉइडची बाजूही सर्वस्वी निर्दोष नाही. २०१३ मधील अँड्रॉइड ४.३ पासून वाय-फाय बंद असतानाही स्थाननिश्चितीसाठी आसपासच्या वाय-फायचा शोध घेण्याची सोय आहे. ती बंद करता येते. मात्र तिचे ठिकाण शीघ्रकळींत नसून स्थानविषयक सेटिंग्जमध्ये आत दडलेले असते. २०१७ मधील अँड्रॉइड ८ ने जतन केलेल्या वाय-फायजवळ येताच वाय-फाय आपोआप चालू करण्याची सोय दिली. २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून कानातील श्रवणसाधन ब्लूटूथने जोडलेले असेल तर विमान मोड लावल्यावरही ब्लूटूथ चालू राहते. २०२४ मधील अँड्रॉइड १५ मध्ये ब्लूटूथ बंद करताना ते दुसऱ्या दिवशी आपोआप सुरू करण्याचा पर्याय दिलेला आहे.

या सर्व सोयी एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. अँड्रॉइड १५ मधील पर्याय कळीसोबतच दिसतो आणि नाकारता येतो. आयओएस ११ मधील वर्तन प्रारंभी सांगितलेही गेले नव्हते. पहिल्या बाबतीत शेतकरी स्वतः मोटर ऑटोवर टाकतो, दुसऱ्या बाबतीत पेटी बनवणाऱ्याने ‘बंद’ या अक्षरांखाली ऑटो बसवून दिलेले असते. समीक्षेचा आक्षेप स्वयंचलनाला नाही. ‘ऑटो’ला ‘बंद’ असे नाव देण्याला आहे.

दोन कळींची एक कळ

ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १२ ने वाय-फाय आणि मोबाइल डेटा या दोन कळी एकत्र करून ‘इंटरनेट’ ही एकच कळ केली. पूर्वी जे एका स्पर्शात होत असे त्यासाठी आता फलक उघडणे, कळ दाबणे, उघडलेल्या यादीत पाहिजे ती जोडणी शोधणे आणि मग ती बदलणे अशी क्रिया करावी लागते. गूगलने दिलेले कारण विचारात घेण्याजोगे आहे. वाय-फाय नीट चालत नसल्याने काहीजण ते बंद करून मोबाइल डेटावर जातात, पुन्हा चालू करण्यास विसरतात आणि त्यांचा डेटा नाहक खर्ची पडतो, असे कंपनीचे निरीक्षण होते.

हे निरीक्षण खोटे नाही. पण ते एका विशिष्ट जीवनपद्धतीचे आहे. ज्याच्या घरी वाय-फाय ही मूळ स्थिती आणि मोबाइल डेटा हा अपवाद आहे त्याच्या बाबतीत विसरणे महाग पडते. ज्याच्या घरी वाय-फाय नाही, ज्याचा मोबाइल डेटा हाच एकमेव मार्ग आहे आणि जो दिवसातून अनेकदा तो चालू-बंद करतो त्याला या एकत्रीकरणातून केवळ अधिकचे स्पर्श मिळतात. त्याची सवय ही चूक मानून ती सुधारण्याचा प्रयत्न येथे झाला. वस्तूच्या रचनेत गृहीत धरलेला ‘सर्वसामान्य ग्राहक’ कोण, हा प्रश्न म्हणूनच केवळ तांत्रिक राहत नाही.

भारतीय बाजारातील बहुसंख्य फोन गूगलचे स्वतःचे नाहीत. सॅमसंगसारख्या उत्पादकांनी या दोन कळी वेगळ्या ठेवल्या. त्यामुळे वस्तुस्थितीत मोठी हानी टळली, असे म्हणता येईल. मात्र त्यातून दुसरी अडचण निर्माण झाली. एकाच नावाच्या प्रणालीवर चालणाऱ्या दोन फोनमध्ये कळींची जागा, चिन्हे आणि वर्तन वेगवेगळे असते. ग्रामीण भागात फोनचे ज्ञान पुस्तकातून नव्हे, तर शेजाऱ्याकडून किंवा शाळकरी मुलाकडून मिळते. ‘वरून खाली ओढ, दुसरी कळ दाब’ अशा सांगण्यातून ते पसरते. फोन बदलला की हे मौखिक ज्ञान निरुपयोगी होते.

शब्दांचा प्रश्न

अँड्रॉइडमध्ये मराठी भाषेचा समावेश २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून झाला, ही महत्त्वाची घटना होय. कळींखालील नावे देवनागरीत आली. मात्र भाषांतराने वस्तू समजतेच असे नाही. ‘विमान मोड’ हे त्याचे ठळक उदाहरण. विमानात फोनचे प्रक्षेपण बंद ठेवण्याच्या नियमातून ही कळ जन्मली. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१४ साली प्रवासात विमान मोडवरील फोन वापरण्यास परवानगी दिली आणि २०१८ च्या नियमांनी विमानातील इंटरनेटचा मार्गही मोकळा केला. ज्या प्रसंगावरून कळीला नाव मिळाले तो प्रसंगच आता बदलत आहे. विमानात कधी न बसलेल्या माणसाला तर विमानाचे चित्र काहीच सुचवत नाही. ही कळ सर्व प्रक्षेपण थांबवते, हा तिचा खरा अर्थ ना चित्रातून कळतो ना नावातून. ‘सर्व जोडण्या बंद’ असे साधे मराठी नाव अधिक खरे ठरले असते. अर्थात अँड्रॉइड ११ नंतर तेही पूर्णतः खरे राहिले नसते.

लोकभाषेने यावर स्वतःचा मार्ग काढलेला दिसतो. ‘नेट बंद कर’, ‘डाटा चालू कर’, ‘फ्लाइटवर टाक’ अशी वाक्ये सर्रास ऐकू येतात. ‘टाकणे’ हे क्रियापद येथे लक्षणीय आहे. मोटर ऑटोवर टाकतात, गाडी न्यूट्रलवर टाकतात, तसा फोन फ्लाइटवर टाकतात. एखादी वस्तू एका अवस्थेत ठेवून दिली आहे, ती नाहीशी झालेली नाही, ही जाणीव त्या क्रियापदात आहे. म्हणजे अवस्थांमधील भेद व्यक्त करण्याची क्षमता मराठीत आहे. उणीव फलकाच्या रचनेची आहे.

शासकीय नोंदी आणि कळीची जबाबदारी

या कळींचे महत्त्व वाढवणारी आणखी एक बाब म्हणजे शासकीय कामकाजाचे फोनवर झालेले स्थलांतर. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणीची योजना राज्यभर लागू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, स्थाननिश्चितीसह पिकाचे छायाचित्र घेऊन नोंद करावी, ही तिची पद्धत. ही नोंद सातबाऱ्यावर येते आणि नुकसानभरपाईसारख्या प्रसंगी ती आधारभूत ठरते. अंगणवाडी सेविकांना २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’वर नोंदी कराव्या लागल्या, त्याच वर्षी निकृष्ट फोन आणि इंग्रजीतील अ‍ॅप यांविरुद्ध राज्यातील सेविकांनी शासनाने दिलेले फोन परत करण्याचे आंदोलन केले. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवरील हजेरीही अ‍ॅपद्वारे घेणे बंधनकारक करण्यात आले.

शेतात नोंद करताना तीन वेगवेगळ्या गोष्टी लागतात. उपग्रहांचे संकेत ग्रहण करून स्थान ठरवणे, छायाचित्र घेणे आणि माहिती पाठवणे. यांपैकी पहिल्या गोष्टीला मुळात मोबाइल जाळ्याची आवश्यकता नसते, कारण तेथे फोन केवळ ग्रहण करतो. जाळे असल्यास उपग्रहांची पूर्वमाहिती लवकर मिळते आणि स्थान चटकन ठरते. नसल्यास उघड्या आकाशाखाली अधिक वेळ थांबावे लागते, एवढाच फरक. माहिती पाठवण्याचे काम मात्र रेंजमध्ये आल्यावरच होते. ‘रेंज नाही म्हणून काम झाले नाही’ या एका वाक्यात या तीन भिन्न गोष्टी मिसळल्या जातात. फलकातील कळी त्यांतील भेद शिकवत नाहीत. स्थान, डेटा आणि वाय-फाय ही केवळ शेजारशेजारची चित्रे राहतात. नोंद फोनमध्ये साठली आहे की पोहोचली आहे, याची खात्री नसलेला शेतकरी कळी दाबून पाहतो आणि अखेरीस दुसऱ्याच्या हाती फोन देतो. खटका स्वतः दाबणारा माणूस येथे परावलंबी होतो, ही या रचनेची सामाजिक किंमत आहे.

कंपन्यांची बाजू

या टीकेला उत्तर नाही असे नव्हे. जोडणी बंद करून विसरलेल्या ग्राहकाचे घड्याळ, श्रवणयंत्र किंवा हरवलेला फोन शोधण्याची सोय निकामी होते. करोनाच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये आलेल्या ‘आरोग्य सेतू’ अ‍ॅपसाठी ब्लूटूथ आणि स्थानसेवा सतत चालू ठेवण्यास सांगण्यात आले होते. आपत्तीचा इशारा मोबाइल जाळ्यातूनच येतो. सर्व प्रक्षेपण बंद असलेल्या फोनपर्यंत तो पोहोचत नाही. आधुनिक रेडिओ निष्क्रिय असताना पूर्वीच्या तुलनेने अल्प वीज वापरतो, त्यामुळे ब्लूटूथ बंद करून होणारी बचतही आता थोडीच असते. ही सर्व कारणे ग्राह्य आहेत.

परंतु त्यांतून निष्पन्न होते ते एवढेच की, चालू ठेवण्याचा सल्ला देण्यास कंपन्यांना आधार आहे. सल्ला देणे आणि ग्राहकाच्या आज्ञेचा अर्थ परस्पर बदलणे या भिन्न गोष्टी आहेत. ग्राहकाचा निर्णय अविचारी असू शकतो. तथापि तो निर्णय पाळला गेला आहे असे भासवून न पाळणे हे हिताच्या नावाखाली केलेले असत्य होय. प्युरिझम या कंपनीने ‘लिब्रेम ५’ या फोनवर मोबाइल जाळे आणि वाय-फाय-ब्लूटूथ यांसाठी प्रत्यक्ष सरकणारे खटके दिले, जे विद्युतपुरवठाच तोडतात. असे फोन महाग आणि दुर्मीळ आहेत, आणि ते सर्वांना उपयोगी पडतील असेही नाही. पण खरा ‘बंद’ देणे अशक्य नाही, एवढे त्यांनी सिद्ध केले आहे.

समारोप

तीन निकषांवरील परीक्षणाचा निष्कर्ष पुढीलप्रमाणे मांडता येईल. त्वरेच्या बाबतीत शीघ्रकळींनी २०१२-१३ च्या सुमारास मोठी प्रगती केली. २०१७ आणि २०२१ च्या बदलांनी त्या प्रगतीचा काही भाग परत घेतला. सत्यतेच्या बाबतीत ‘बंद’ या एकाच शब्दाखाली जोडणी तोडणे, रेडिओ थांबवणे आणि तात्पुरते स्थगित करणे या तीन क्रिया कोंबल्या गेल्या. अधिकाराच्या बाबतीत निर्णयाचे केंद्र ग्राहकाच्या बोटाकडून प्रणालीकडे सरकत गेले.

यावरील उपाय अवघड नाहीत. चालू, ऑटो आणि बंद या तीन अवस्था स्वतंत्रपणे दाखवाव्यात. कळ एकदा बंद केल्यावर ती पुन्हा केव्हा आणि कशामुळे सुरू होईल हे कळीवरच लिहावे. रेंज क्षीण आहे की जाळे भरलेले आहे हे सांगावे. आणि मराठी नावे कळीच्या कार्यावरून ठेवावीत. महाविद्यालयांतील संगणकविषयक प्राथमिक अभ्यासक्रमात या कळींच्या वर्तनाचा पाठ असणे, विशेषतः कळवणसारख्या ठिकाणी, उपयुक्त ठरेल. कारण घरातील मोठ्या माणसांच्या नोंदी पुष्कळदा महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींच्या हातूनच होत असतात.

मोटरच्या पेटीसमोर उभा असलेला शेतकरी ‘बंद’ आणि ‘ऑटो’ यांत गल्लत करत नाही, कारण त्या गल्लतीत जीव जाऊ शकतो. फोनच्या बाबतीत तसा जिवावरचा धोका क्वचितच असतो. म्हणून ती गल्लत आजवर चालवून घेतली गेली. मात्र ज्या यंत्रावर सातबाऱ्याची नोंद, मजुराची हजेरी आणि बालकाच्या पोषणाची माहिती अवलंबून आहे त्याच्याकडून पंपाच्या पेटीइतका खरेपणा मागणे ही अवाजवी अपेक्षा म्हणता येणार नाही.